पुंजणे पेटते तेव्हा ‘पाणी’ म्हणावे की ‘पानी’?

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत कलावंताने स्वतःशी प्रामाणिक राहावे, रुळलेली वाट सोडावी आणि अपयशाचे भय बाळगू नये, अशा आशयाचा लेख वाचला. लेखामागची तळमळ खरी आहे आणि त्यातील बहुतेक म्हणण्याशी माझा वाद नाही. मात्र गेली २२ वर्षे झाडीपट्टीत नाटके लिहिणारा आणि नट कमी पडला की स्वतः तोंडाला रंग लावून उभा राहणारा माणूस म्हणून माझ्या मनात दोन प्रश्न उरले. आपण नेमके कोठे खोटे आहोत, हे कलावंताला कळते कसे? आणि त्याने जोखीम पत्करली, तर ती फसल्यावर पैसे कोणाचे बुडतात? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला एकाच नाटकाने, आणि तीही पुरेशा नाचक्कीनंतर दिली. त्यामुळे पत्र थोडे लांबणार आहे. आपण सांभाळून घ्याल, अशी आशा आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याबाहेर, म्हणजे झाडीपट्टीबाहेर राहणाऱ्या वाचकांसाठी आमच्या रंगभूमीविषयी आधी थोडे सांगणे भाग आहे. दिवाळी सरली, भाऊबीज झाली की गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते आणि त्याबरोबर नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीच्या आसपासपर्यंत चालतो. गावातले मंडळ वडशाला, म्हणजे कागदोपत्रीच्या देसाईगंजला जाऊन एखाद्या कंपनीचे नाटक ठरवते, मंडप घालते, तिकिटे विकते आणि रात्री दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटेच पडतो. नाटकाच्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरते, सोयरिकी जुळतात. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, अशी कित्येक गावांची जोडी होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये अटींसह पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात पट नसतानाही गावांनी नाटक सोडले नाही. नाटक हे आमच्याकडे हौसेच्या पलीकडचे, गावाच्या वर्षाच्या हिशेबातले एक कलम आहे. शिल्लक राहिली तर त्यातून देवळाचा ओटा होतो, शाळेची भिंत होते. तोटा आला तर तो मंडळाच्या पोरांना आपापसांत वाटून घ्यावा लागतो.

या रंगभूमीचा एक ठरलेला ऐवज आहे आणि मी तो अनेक वर्षे इमानाने पुरवला. एक वाडा, एक माजलेला पाटील किंवा पुढारी, एक सोशिक माउली, तिचा शिकलेला मुलगा, एक कोर्टाचा किंवा पोलीस ठाण्याचा प्रवेश, मध्ये एखादी लावणी आणि या सगळ्यात रात्रभर झोप उडवणारा विनोदी नट. अलीकडे लावणीची जागा रेकॉर्डिंगच्या नाचाने घेतली आणि विनोदाला दुहेरी अर्थाची फोडणी बसली, याबद्दल आपल्याच पानांवर टीका झाली आहे. ती टीका मला मान्य आहे, पण मूळ दुखणे त्याहून जुने आहे असे माझे मत झाले आहे. आमच्या नाटकात माउली, पाटील, वकील, नायक हे सगळे पुण्याच्या पाठ्यपुस्तकासारखी मराठी बोलतात. झाडीबोली बोलतो तो फक्त विनोदी नट, त्याचा साथीदार आणि फार तर एखादा गडी. थोडक्यात, रडायचे ते प्रमाण मराठीत आणि हसायचे ते आपल्या बोलीत, अशी वाटणी आम्ही लेखकांनी करून ठेवली आहे. ही वाटणी कोणी कधी ठरवून केली, हे मला माहीत नाही. मी आलो तेव्हा ती होती आणि मी ती न विचारता चालवली.

येथे विनोदी नटांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट लगेच नोंदवतो. २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. ८०० वेगवेगळ्या भूमिका आणि ५,००० हून अधिक प्रयोग असे त्यांचे काम सरकारनेच त्या वेळी नोंदवले, आणि त्यांची ख्याती प्रामुख्याने विनोदी भूमिकांसाठी आहे. आम्ही लेखकांनी बोलीला माजघरात येऊ दिले नाही, तेव्हा तिला निदान ओसरीवर तरी जागा दिली ती विनोदी नटांनी. त्यांनी ती दिली नसती, तर आमच्या नाटकात झाडीबोलीचा एक शब्दही उरला नसता. दोष त्यांचा नाही, आमचा आहे.

मला हा दोष कसा दिसला, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी अगहनाच्या, म्हणजे मार्गशीर्षाच्या एका रात्री आमच्या गावाबाहेर एका शेजाऱ्याच्या धानाच्या पुंजण्याला आग लागली. पुंजणे म्हणजे कापलेल्या धानाच्या भाऱ्यांची रचलेली रास. मळणी होईपर्यंत वर्षाची सगळी कमाई त्या राशीत असते. आम्ही बादल्या, घमेली जे हाती आले ते घेऊन बोडीकडे, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याकडे धावलो. पुंजण्याची आग एकदम भडकून विझणारी नसते. वरून पाणी ओतले तरी ती आत धुमसत राहते, आणि त्या धुमसण्यात धानाच्या लाह्या फुटतात. तो तडतड आवाज आणि लाह्यांचा गोड वास, दोन्ही त्या प्रसंगाला मुळीच न शोभणारे. माझ्या नाकातून तो वास अजून गेलेला नाही. घरची बाई बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे धानाच्या खाचराच्या बांधावर उभी होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “पानी आना गा, कोनी पानी आना.” पाणी आणणारे सगळे तिच्यासमोरूनच धावत होते, पण तिला ते दिसत नव्हते.

त्याच हिवाळ्यात मी नवे नाटक लिहीत होतो. घरी येऊन हातपाय धुतले आणि दोन दिवसांनी हाच प्रसंग नाटकात घातला. माउलीच्या तोंडी मी लिहिले, “पाणी आणा! कुणीतरी पाणी आणा हो!” पुढे आणखी चार वाक्ये जोडली, त्यात नियती होती, काळरात्र होती, माझ्या घामाचे मोती होते. रात्री आईला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “हे बाई कोन्या गावची? आपल्या गावची तं नाई दिसत.”

संपादक महोदय, मी स्वतःला प्रामाणिक लेखक समजत होतो. कोणाचे नाटक चोरले नव्हते, अश्लील लिहिले नव्हते, कंपनीच्या मालकाने सांगूनही एकदा हुंड्याची भलामण करणारा प्रवेश लिहायला नकार दिला होता. आपल्या लेखात सांगितल्याप्रमाणे मी अंतर्मुख होऊन शोधले असते, तर मला स्वतःविषयी चांगलेच वाटले असते. माझे खोटे माझ्या मनात सापडण्यासारखे नव्हतेच, ते माझ्या कानात होते. जे वाक्य मी स्वतः ऐकले, ज्या वाक्याने माझ्या अंगावर काटा आला, ते कागदावर उतरताना माझ्या हाताने आपोआप ‘न’चा ‘ण’ केला आणि ‘गा’ गाळून टाकला. का, तर दुःखाला शोभेल अशी भाषा हवी म्हणून. माझ्या शेजारणीचे दुःख तिच्याच भाषेत शोभत नाही, असे मी एका अक्षराने म्हणून गेलो होतो. हे मला न शिकलेल्या आईने दाखवले. मला ते उभ्या जन्मात दिसले नसते.

मग मी जिद्दीला पेटलो. सगळे नाटक पुन्हा लिहिले. पाटील काढून टाकला, कोर्ट काढले. आता त्यात खलनायकच नव्हता. माउलीच्या धाकट्या मुलाच्या बिडीच्या ठिणगीने पुंजणे जळते, माउलीला ते ठाऊक असते, आणि नुकसानभरपाईसाठी पंचनामा करायला आलेल्या माणसांपासून आणि थोरल्या मुलापासून ती ते लपवते, एवढीच गोष्ट. सगळी पात्रे झाडीबोलीत बोलतात. विनोदी नटाचे दोन प्रवेश तेवढे ठेवले, कारण ते काढले असते तर कंपनीने नाटक हातातच घेतले नसते. मालक वाचून बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “लिहिलं चांगलं आहे. पण ह्यात नाटक कुठं आहे?” तरीही माझ्या जुन्या नाटकांनी त्यांना दोन पैसे मिळवून दिले होते, त्या भिडेखातर त्यांनी होकार दिला. माउलीचे काम करणाऱ्या बाई नागपूरच्या होत्या. त्यांना बोली येत नव्हती. आमच्याकडे तालमी थोड्या आणि भरवसा समोर बसलेल्या प्रॉम्प्टरवर जास्त, कारण नटाला आज एक तर उद्या दुसरे नाटक करायचे असते. त्या बाईंनी मात्र चार दिवस आमच्या आईजवळ बसून ‘गा’ केव्हा म्हणायचे आणि ‘वो’ केव्हा, हे शिकून घेतले. पुरुषाला ‘गा’, बाईला ‘वो’, एवढेच नाही. रागावले तरी ‘गा’, विनवले तरी ‘गा’, फरक फक्त सुरात असतो. त्यांची जोखीम माझ्यापेक्षा मोठी होती, कारण नाटक पडले तर लोक लेखकाचे नाव विसरतात, नटाचा चेहरा विसरत नाहीत.

पहिला प्रयोग मंडईच्या दिवशी होता. मंडप भरलेला, बाया पोरांना घोंगडीत गुंडाळून बसलेल्या, कडेला शेकोट्या. पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी आग लागते. तांबडा प्रकाश, क्लॅरिओनेटवर एकच लांबलेला सूर, आणि बाई धुऱ्यावर येऊन म्हणाल्या, “पानी आना गा, कोनी पानी आना.”

मंडप हसला. एकदोन जण हसले असे नव्हे. मागच्या रांगांपासून पुढच्यापर्यंत हसू पसरत आले, जसे विनोदी नटाच्या नुसत्या येण्याने पसरते. बाईंनी वाक्य पुन्हा म्हटले, कारण संहितेत ते तीनदा होते, आणि प्रत्येक वेळी हसू वाढले. पेटीवाल्याने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. त्याच अंकात अर्ध्या तासापूर्वी विनोदी नटाने आपल्या साथीदाराला “पानी आन गा, गरा सुकला” असे म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. त्या रात्री मंडपात बसलेल्या बहुतेक घरांत पुंजणे होते आणि त्यांतल्या कित्येकांनी पुंजणे जळताना पाहिलेही असेल. तरी ते हसले, कारण रंगमंचावर ‘पानी’ ऐकले की हसायचे, हे त्यांना आम्हीच इतकी वर्षे शिकवले होते. त्यांना दोष देण्याचा अधिकार निदान मला तरी नव्हता.

पहाटे मंडळाचे अध्यक्ष भेटले. स्वतः शेतकरी, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. त्यांनी ठरलेली बिदागी मोजून दिली, एक रुपयाही कापला नाही, आणि म्हणाले, “भाऊ, नवं करा, आमी नाई म्हनत नाई. पन आधी सांगाचं होतं.” शहरात कलावंत जोखीम घेतो तेव्हा ती त्याच्या वेळेची, नावाची, फार तर पुंजीची असते. आमच्याकडे लेखकाच्या डोक्यात आलेली नवी कल्पना दहा-बारा नटांच्या रात्रीवर, वाद्यवाल्यांच्या मजुरीवर आणि एका गावाच्या वर्गणीवर उभी असते. मी चौकट मोडली खरी, पण मोडताना ती ज्यांच्या खर्चाने उभी होती त्यांना विचारले नव्हते. हँडबिलावर नेहमीसारखेच ‘कौटुंबिक, विनोदी, हृदयस्पर्शी’ छापले होते. तेही खोटेच होते, आणि ते मी जाणूनबुजून छापू दिले होते. भाषेचे खोटे काढताना व्यवहाराचे नवे खोटे केले, असे माझे झाले. कलावंताच्या धाडसावर बोलणाऱ्या लेखनात ही बाजू सहसा येत नाही आणि आपल्या लेखातही ती आलेली नाही, म्हणून ती विस्ताराने लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी कंपनीत माउलीची वाक्ये पुन्हा प्रमाण मराठीत करावीत असा ठराव जवळजवळ झालाच होता. त्याला विरोध मी केला नाही, कारण माझ्यात तेवढे बळ उरले नव्हते. विरोध केला तो त्या नागपूरच्या बाईंनी. त्या म्हणाल्या, “चार दिवस बसून शिकले ते विसरायला मला आठ दिवस लागतील.” मग तोड काढली ती आमच्या विनोदी नटाने, आणि ती कोणत्याही नाट्यशास्त्राच्या वर्गात शिकवावी इतकी चोख होती. तो म्हणाला, “मी बोली सोडतो. शहरात दोन महिने राहून आलेला पोरगा बनतो आणि प्रत्येक ‘न’चा ‘ण’ करतो.” म्हणजे ज्याला घरी ‘पानी’ म्हणायची लाज वाटते असा इसम. पुढच्या प्रयोगापासून तो पाहुण्यांसमोर छाती काढून “पाणी, प्लीज पाणी आणा” म्हणू लागला, ‘नाना’ला ‘णाणा’ म्हणू लागला, आणि लोक पोट धरून हसू लागले. हसू त्याच जागी होते, फक्त दोन अक्षरांची अदलाबदल झाली होती. आणि माउली धुऱ्यावर येऊन ‘पानी’ म्हणाली, तेव्हा त्या शब्दावर हसायची सवय त्या रात्रीपुरती मोडलेली होती.

यापुढे नाटक गाजले, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. तसे झाले नाही. त्यानंतर सहा प्रयोग झाले. तीन गावांत आगीच्या प्रवेशाला मंडप शांत राहिला. त्यांपैकी एका गावात एक म्हातारी उठून पुढे आली आणि कठड्याला धरून अंक संपेपर्यंत उभी राहिली. दोन गावांत लोक पहिल्यासारखेच हसले. एका गावात तर अर्धा मंडप दोन वाजताच रिकामा झाला, कारण त्यांना पाटील हवा होता आणि लावणी हवी होती, आणि पैसे त्याचेच घेतले होते. हंगामाच्या शेवटी कंपनीने नाटक बाजूला ठेवले. पुढच्या वर्षी माझी चारऐवजी दोनच नाटके घेतली गेली आणि त्यांतल्या एकात मी गुपचूप पाटील परत आणला. घर चालवायचे होते. त्याबद्दल मला अभिमान नाही, पण पश्चात्तापही नाही. धानाला भाव नसेल तर शेतकरी पुढच्या वर्षी धानच पेरतो, त्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

मात्र दुसऱ्या नाटकात मी थोरल्या भावाला बोली दिली, आणि ते चालले. त्याच्या पुढच्या वर्षी आजोबांना दिली. आता माझ्या कोणत्याही नाटकात निदान एक गंभीर पात्र घरच्या भाषेत बोलते, आणि लोक हळूहळू त्या पात्राचे ऐकू लागले आहेत. ही चाल आपल्या लेखातल्या झेपेसारखी दिसत नाही, हे मला माहीत आहे. रोवणी करणारी बाई उलटी मागे सरकत जाते आणि धानाचे एकेक रोप लावत बांधी भरते. माझे चालणे साधारण तसे आहे. आणि आता मी हँडबिल स्वतः पाहतो. मंडळाला आधी सांगतो की यात अमुक आहे, अमुक नाही. गेल्या हंगामात दोन मंडळांनी ते ऐकून नाटक नाकारले आणि एकाने मुद्दाम मागितले, एवढेच नव्हे तर नाटकाच्या आधी त्यांच्या सचिवाने माईकवर येऊन “आजचं नाटक आपल्या बोलीत आहे, हसाचं तिथं हसा, आयकाचं तिथं आयका,” असे सांगितले. लोकांनी सचिवाच्या या वाक्यालाच सर्वांत मोठा हशा दिला, तो भाग वेगळा.

येथे कोणी म्हणेल की दुःख प्रमाण मराठीत खोटेच वाटते असे आपले म्हणणे आहे काय. तसे नाही. हे पत्र मी प्रमाण मराठीतच लिहितो आहे आणि ती मला परकी नाही. शाळेत मी तीच शिकलो आणि ‘बोडी’, ‘बांधी’ सोडून बाकी बहुतेक विचार मी तिच्यातच करतो. प्रश्न एवढाच आहे की, जे पात्र घरी ‘पानी’ म्हणते, त्याला रंगमंचावर चढताना आपण चप्पल काढायला लावतो का. गाडगेबाबांनी आयुष्यभर वऱ्हाडीत कीर्तन केले. ते लोकांना प्रश्न विचारत, हसवत, आणि त्याच भाषेत, त्याच बैठकीत कर्जावर आणि दारूवर बोलून डोळ्यांतून पाणी काढत. विदर्भाच्या एका टोकाला हे घडून १९५६ मध्ये बाबा गेलेही, आणि दुसऱ्या टोकाला आम्ही अजून बोलीत रडावे की नाही याचा विचार करतो आहोत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, तेव्हा आमच्या तालुक्यातही पेढे वाटले गेले. त्या समारंभात भाषण करणाऱ्या एका गृहस्थाने झाडीबोलीचा उल्लेख ‘गोड अशुद्ध बोली’ असा केला आणि त्यावर टाळ्या पडल्या.

अस्सलपणाच्या दुसऱ्या एका कल्पनेपासूनही सावध राहावे असे वाटते. अधूनमधून शहरातून अभ्यासू मंडळी येतात आणि त्यांना ‘खरी’ झाडीपट्टी म्हणून दंडार आणि खडी गंमत हे जुने लोकनाट्यप्रकार पाहायचे असतात. आमच्या नाटकातला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड पाहून त्यांचा विरस होतो. दंडार मलाही प्रिय आहे. पण ऑर्गन, तबला आणि क्लॅरिओनेट ही वाद्येही आमच्या मातीत उगवलेली नाहीत, तीही कोणीतरी एके काळी बाहेरून आणली आणि तेव्हाही कोणाचा तरी विरस झाला असेल. मला ऑक्टोपॅडचे भय वाटत नाही. ऑक्टोपॅड वाजत असतानाही माउलीला तिचे वाक्य तिच्या तोंडाने म्हणता यावे, एवढे पुरे आहे.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक मागणे. आमच्या नाटकाच्या बातम्या आपण छापता, त्याबद्दल आभार. पण त्या बातमीत उद्घाटक कोण, सहउद्घाटक कोण, अध्यक्ष कोण, दीपप्रज्वलन कोणी केले आणि विशेष अतिथी म्हणून कोण कोण उपस्थित होते, एवढेच असते. नाटक कोणते होते हे शेवटच्या ओळीत येते आणि ते कसे होते हे कोठेच येत नाही. एका हंगामात पूर्व विदर्भात इतके प्रयोग होतात आणि त्यांतल्या एकाचेही चार ओळींचे परीक्षण वाचल्याचे मला आठवत नाही. जोखीम घेणाऱ्या लेखकाला टाळी किंवा शिट्टी एवढेच उत्तर मिळते, आणि ते दोन्ही अनेकदा फसवे असते, हे त्या पहिल्या रात्रीच्या हसण्याने मला शिकवले. मंडप का हसला, हे दुसऱ्या दिवशी कोणी छापले असते तर ते समजायला मला दोन हंगाम घालवावे लागले नसते. पाटील परत आणला तेव्हाही कोणीतरी जाहीरपणे मला विचारायला हवे होते.

तेव्हा येत्या भाऊबिजेनंतर आपल्या तालुका प्रतिनिधीला एखाद्या रात्री नाटकाला पाठवावे. माझ्याच नाटकाला पाठवावे असा आग्रह नाही. त्याने उद्घाटन संपल्यावर यावे, म्हणजे हारतुऱ्यांत वेळ जाणार नाही, आणि शेवटचा अंक होईपर्यंत थांबावे. मंडळ त्याला पहिल्या रांगेतली खुर्ची आणि चहा देऊ करील. त्याने तो नम्रपणे नाकारून तिकीट काढावे आणि मागे, शेकोटीजवळच्या लोकांत बसावे. तिथे हसू कोणत्या शब्दावर सुरू होते, ते नीट ऐकू येते.

आपला विश्वासू,
एक नाट्यलेखक,
ता. आरमोरी, जि. गडचिरोली